टीव्ही, गाणी आणि हॉकी : फुरसत कुणाच्या बापाची?

आम्ही हॉकीचे चाहते आहोत, असे चंदगड तालुक्यात सांगितले की दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे हसतात. पहिला म्हणतो, "हॉकी बघा की, पण त्यात जात कशाला आणता? खेळाला जात नसते." दुसरा माणूस आपलाच असतो. चळवळीत केस पांढरे झालेला, मोर्चात लाठ्या खाल्लेला. तो म्हणतो, "मॅच बघून आणि गाणी ऐकून कुठे क्रांती होते काय रे? पोरांची शिष्यवृत्ती अडकलीय, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही टीव्हीसमोर!"

पहिल्याला उत्तर देणे सोपे आहे आणि ते आम्ही देणार आहोत. पण हा लेख मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे. आणि त्या दोघांच्या मध्ये मान खाली घालून मोबाईल बघत बसलेल्या आमच्या वस्तीतल्या पोरापोरींसाठी आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की फुरसत ही चळवळीच्या बाहेरची गोष्ट नाही. आपण काय बघतो, काय ऐकतो, कुणासाठी टाळ्या वाजवतो, हा हक्काचा प्रश्न आहे. तो हक्क आपल्याला कुणी दान दिलेला नाही आणि तो आजही सुरक्षित नाही.

आज्याला फुरसत होती का?

आपल्या आज्या-पणज्याचा दिवस कसा जात होता, ते एकदा नीट आठवा. महार वतन म्हणजे चोवीस तासांची चाकरी. गावाची राखण करायची, सांगावा घेऊन जायचे, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी माणसाचा बोजा वाहायचा. मध्यरात्री हाक आली तरी उठायचे. घरचा कर्ता जाग्यावर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते पुढे गेले नाही. शाहू महाराजांनी त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ मध्येच, आपल्या संस्थानात महार वतन बंद केले होते. पण चंदगड तालुका तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे शाहूंचा हुकूम जवळच्या कोल्हापुरात निघाला, तरी आमच्या आज्याला तो लागू नव्हता. इकडे वतन संपायला १९५८ चा कायदा यावा लागला.

या व्यवस्थेत करमणूक नव्हती असे नाही. भरपूर होती. जत्रा होती, तमाशा होता, कुस्तीचे मैदान होते. पण आपली जागा त्यात कुठे होती? हलगी वाजवणारा आपला, नाचणारा आपला, मैदानाची माती सारखी करणारा आपला. बसून बघणारा दुसरा. आजही कोल्हापुरात कुस्तीचे मैदान भरले की हलगी आणि घुमक्याशिवाय पैलवानाच्या अंगात वीज येत नाही. पैलवानाचे नाव हँडबिलावर मोठ्या अक्षरात येते. हलगीवाल्याचे नाव कुणी विचारले आहे काय?

आमच्या पूर्वजांच्या वाट्याला दुसऱ्याची करमणूक करणे आले. स्वतः बसून, पाय पसरून, आपल्या आवडीचे बघणे ही गोष्ट आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपूर्वी आली. म्हणून आम्ही ती हलकी मानत नाही.

बाबासाहेबांनीही ती हलकी मानलेली नाही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादावर टीका करताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. पोटासाठी राबण्यातच ज्याचा जन्म संपतो, त्याला मनाची मशागत करायला वेळ कुठला? संस्कृतीचे सगळे सुख काही थोड्यांना आणि कष्ट बाकीच्यांना, ही रचना मोडायची असेल तर यंत्र हवे, कारण यंत्राने कष्ट कमी होतील आणि सामान्य माणसाला फुरसत मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे त्यांनी फक्त लिहिले नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते सहा तास कशासाठी होते? झोपायला, पोरांबरोबर बसायला, वाचायला, गाणे म्हणायला, खेळ बघायला. आज हलकर्णीच्या किंवा शिनोळीच्या एमआयडीसीत पाळी संपवून आमचा पोरगा घरी येऊन टीव्ही लावतो, तेव्हा त्याच्या त्या तासावर बाबासाहेबांची सही आहे. त्याला "वेळ वाया घालवतोस" म्हणण्याआधी ज्येष्ठांनी हे ध्यानात घ्यावे.

वेळ वाया जातो की नाही, हा प्रश्न खरा आहे. पण तो वेळ कोण घेऊन जातो, ते विचारले पाहिजे.

पडद्यावर आपण कुठे आहोत?

आमच्या तालुक्यात पाऊस सुरू झाला की आधी लाईट जाते. लाईट आली तर डिशचा सिग्नल जातो. एवढे करून जो टीव्ही दिसतो, त्यात आपण दिसत नाही.

मराठी मालिकेतले घर बघा. देवघर आहे, मंगळागौर आहे, गणपती आहे, लक्ष्मीपूजन आहे. सून रुसते, सासू कट करते, आणि महिन्यातून एकदा सगळे मिळून सण साजरा करतात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असलेले, दारात "जय भीम" म्हणून पाहुण्याला आत घेणारे, आंबेडकर जयंतीला नवे कपडे काढणारे साधे घर या मालिकांत कितीदा बघितले? बोटावर मोजा, बोटे उरतील. २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली तेव्हा सगळे कोल्हापूर खूश झाले, कारण पडद्यावर आपली बोली आली. आम्हीही खूश झालो. पण त्या कोल्हापुरात तालीम होती, शेत होते, मोठे घर होते. शाहूंचे कोल्हापूर, ज्याने १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखीव केल्या आणि १९२० मध्ये माणगावची परिषद बघितली, ते कोल्हापूर त्यात शोधूनही सापडत नव्हते.

कुणी म्हणेल, २०१९ मध्ये बाबासाहेबांवर मालिका आली की. आली, आणि ती आमच्या वस्त्यांनी घराघरात बघितली. ती यायलाच हवी होती. पण महापुरुष म्हणून बाबासाहेब दाखवणे आणि शेजारी म्हणून बौद्ध माणूस दाखवणे यात फरक आहे. महापुरुषाला हार घालून बाजूला ठेवता येते. शेजाऱ्याला घरात घ्यावे लागते. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये २०२२ साली जयंतीचा मंडप, डीजे आणि त्यात नाचणारी वस्ती मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा आमच्या पोरांच्या डोळ्यांत पाणी का आले? कारण पहिल्यांदा आपला सण कुणी समस्या म्हणून दाखवला नव्हता. सण म्हणूनच दाखवला होता.

पडद्याचा दुसरा खेळ जास्त खोल आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. त्याच स्पर्धेच्या हॉकी अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले आणि ते देशाने डोळ्यांनी बघितले. पुढच्याच वर्षी क्रिकेटचा विश्वचषक आला. तेव्हापासून टीव्ही आणि जाहिरातदार क्रिकेटबरोबर गेले आणि ज्या खेळाने देशाला ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके दिली, तो खेळ चार वर्षांतून एकदा आठवायचा विषय झाला. आम्हाला क्रिकेटचा राग नाही. क्रिकेटच एवढे का दिसते, याचा हिशोब मात्र आम्हाला हवा आहे.

गाणे वाजले म्हणून माणूस मेला

"कलेला जात नसते" म्हणणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट विचारतो. आषाढीला अख्खा महाराष्ट्र प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी ऐकतो. वाड्यात वाजतात, देवळात वाजतात, टीव्हीवर वाजतात. त्याच गळ्याने भीमगीतेही गायली. ती १४ एप्रिलला कुठे वाजतात? आपल्या वस्तीत. आवाज तोच, गळा तोच, श्वास तोच. मग वस्तीच्या वेशीवर गाणे का अडते? कलेला जात नसेल तर ही वेस कुणी घातली?

आणि ही वेस नुसती दुर्लक्षाची नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. नर्सिंगचे शिक्षण घेणारा पोरगा. त्याच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, ती वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन मारले. एका रिंगटोनवरून. ज्याला वाटते की गाणी ऐकणे हा चळवळीबाहेरचा विषय आहे, त्याने या पोराच्या आईला जाऊन तसे सांगून बघावे.

आपल्या चळवळीला गाण्याची ताकद पहिल्यापासून माहीत होती. सत्यशोधकांनी जलसे काढले. बाबासाहेबांच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. वामनदादा कर्डक आयुष्यभर खेड्यापाड्यांत फिरत गात राहिले. ज्या वस्तीत पेपर येत नव्हता, वाचणारा नव्हता, तिथे बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचला. हुकमाने वाजवणे आपण सोडले आणि मर्जीने गाणे सुरू केले. आपल्या संगीताचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर हाच आहे.

म्हणून आम्हाला जयंतीच्या डीजेबद्दलही बोलायचे आहे. बाहेरचे लोक डीजेवरून आपल्याला हिणवतात, तेव्हा आम्ही आपल्या पोरांच्या बाजूने उभे राहतो, कारण तोच आवाज गणपतीत त्यांना चालतो. पण घरात बसून आपापसात बोलताना खरे बोलले पाहिजे. शेजारच्या वाडीपेक्षा दोन बॉक्स जास्त लावणे ही वामनदादांची परंपरा नव्हे. तालुक्यात आजही जुनी गायन पार्टी चालवणारी, पेटी आणि ढोलकीवर रात्रभर उभी राहणारी म्हातारी माणसे आहेत. त्यांची गाणी कुणी लिहून ठेवली? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात त्यांचे रेकॉर्डिंग झाले असते.

हॉकीच का?

आता मूळ वेडाकडे येतो. चंदगडात बसून हॉकीच का?

पहिले कारण शेजारचे आहे. आमचा बाजार बेळगावचा. रताळी तिकडे जातात, लग्नाचा बस्ता तिकडून येतो. ते बेळगाव लष्करी छावणीचे गाव आहे, आणि हिंदुस्थानात हॉकी वाढली ती छावण्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली, म्हणजे फक्त नोकरी बंद झाली नाही. छावणीतली शाळा गेली, पेन्शन गेली, मैदानही गेले. बाबासाहेब स्वतः महूच्या छावणीत, सुभेदार रामजींच्या घरी जन्मले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यावर त्यांनी हा दरवाजा पुन्हा उघडायला लावला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. आपल्या बाजारगावात. किती पोरांना हे माहीत आहे?

त्याच महूत शंकर लक्ष्मण जन्मले. १९४७ मध्ये ते सैन्यात बँडवाले म्हणून भरती झाले. पुढे भारताचे गोलरक्षक झाले. १९५६ चे सुवर्ण, १९६० चे रौप्य, १९६४ चे सुवर्ण, तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत समोर पाकिस्तान आणि गोलात हा माणूस. १९६६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आशियाई सुवर्ण आले. ते ज्या मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन होऊन निवृत्त झाले, तिचे मुख्य केंद्र बेळगावातच आहे. २००६ मध्ये महूत पाय सडून, हलाखीत त्यांचा मृत्यू झाला. आम्ही त्यांची जात सांगत नाही. वाद्य वाजवायला भरती झालेल्या माणसाला मैदान मिळाले की तो काय करू शकतो आणि त्याचे हात थकल्यावर हा देश त्याला कसा विसरतो, ते सांगतो.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेसाठी कर्णधार नेमला होता जयपाल सिंग मुंडा यांना. छोटानागपूरचा आदिवासी, ऑक्सफर्डला शिकलेला. पुढे हेच जयपाल सिंग संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर १७ तारखेला बाबासाहेब बोलले आणि १९ तारखेला जयपाल सिंग. जो माणूस हॉकीच्या मैदानावर संघाच्या पुढे चालला, तोच संविधान सभेत आपल्या माणसांसाठी उभा राहिला. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा म्हणणाऱ्यांना एवढे एक नाव पुरे.

तिसरे कारण संघाचे आहे. हॉकीचा संघ डोळ्यासमोर आणा. सुंदरगडचे आदिवासी, झारखंडच्या मुली, मणिपूर-मिझोरामची पोरे, पंजाबच्या पिंडातले शीख. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मैदान राखणाऱ्या बापाच्या घरी वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला. मुंबईत मरीन लाइन्सजवळच्या खोलीत वीज नसलेल्या घरातून युवराज वाल्मीकी भारताच्या संघात गेला. २०११ मध्ये पाकिस्तानला हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात तो होता. देशाने तो विजय टीव्हीवर बघितला, आणि त्याच्या स्वतःच्या घरात टीव्ही लावायला लाईट नव्हती. त्याचा भाऊ देविंदर २०१६ चे ऑलिंपिक खेळला.

असा संघ असूनही "खेळात फक्त गुणवत्ता चालते" हे आम्ही मान्य करत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली. त्या वर्षी भारत सातवा आला. टर्फ घालायला कोट्यवधी लागतात, वर ते पाण्याने भिजवावे लागते. म्हणजे गावच्या माळावर काठीने बॉल मारणारा पोरगा एका नियमाने खेळाबाहेर गेला. गुणवत्ता मैदानात उतरल्यावर सुरू होते. मैदानापर्यंतची वाट कोण अडवतो, तो प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शाळेच्या आणि विहिरीच्या बाबतीत आपण हेच विचारत आलो.

रोशनाबादचे फटाके

आता पहिल्या माणसाचे उत्तर.

जुलै २०२१ चे शेवटचे दिवस. कोल्हापूर जिल्हा महापुरातून नुकता बाहेर येत होता. घरातला चिखल काढता काढता लोक टोकियो ऑलिंपिक बघत होते. ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. सामना ४-३ असा जिंकला. दोनच महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते आणि सरावाच्या शिबिरात असल्यामुळे ती अंत्यदर्शनालाही जाऊ शकली नव्हती. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने भारताला २-१ असे हरवले. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, अशा भाषेत जातीवाचक शिव्या दिल्या, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने दिली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला, अटकही झाली.

देश हरला म्हणून फटाके! हे करणाऱ्यांना देशद्रोही म्हणायला किती टीव्ही चॅनेल पुढे आले? कर्णधार राणी रामपालने जाहीर निषेध केला, तिला आमचा सलाम. आणि वंदनाने काय केले? दोन दिवसांनी, ६ ऑगस्टला, ब्राँझपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध उतरून पुन्हा गोल केला. सामना ४-३ ने गेला, पण तिने उत्तर दिले. त्याच दिवशी सरकारने खेलरत्न पुरस्काराला मेजर ध्यानचंद यांचे नाव दिले. नाव हॉकीपटूचे, छान झाले. हॉकी खेळणाऱ्या पोरीच्या घराचे काय, ते त्या दिवशी कुणी बोलले नाही.

त्याच्या तीन आठवडे आधी इंग्लंडमध्ये युरो फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकवलेल्या तीन काळ्या खेळाडूंवर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. मँचेस्टरमध्ये मार्कस रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीवर शेकडो लोकांनी चिठ्ठ्या आणि फुले लावून ती भरून टाकली. ती माणसे कोण होती? चाहते होते. साधे, बाजारहाट करून येणारे चाहते. वंशद्वेष तिथे संपला असे आम्ही म्हणत नाही. पण चाहता काय करू शकतो, हे त्या भिंतीने दाखवले.

म्हणून, मित्रा, खेळात जात आम्ही आणली नाही. ती रोशनाबादच्या फटाक्यांनी आणली. वंदना जिंकते तेव्हा ती 'भारताची लेक' आणि हरते तेव्हा ती जातीची. आम्ही फक्त हे मोठ्याने सांगतो. पुढे ती ३२० सामने खेळून, भारताकडून सर्वांत जास्त सामने खेळलेली महिला हॉकीपटू म्हणून, २०२५ मध्ये निवृत्त झाली. त्या दिवशी तालुक्यातल्या किती विहारांत तिच्या नावाने टाळ्या झाल्या? आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे.

चाहता आणि भक्त

दुसऱ्या माणसाची, आपल्या ज्येष्ठांची, एक भीती खरी आहे. खेळाडूच्या आणि नट-गायकाच्या मागे लागून पोरगा विचार सोडून देतो. ही भीती आम्हालाही वाटते. पण त्यावर उपाय टीव्ही बंद करणे हा नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. तोच नियम खेळाला लावा.

पाळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्याच्या क्लबात मैदानाची कामे करत पुढे आला. गोऱ्यांना बाद करायला तो संघात हवा होता, पण चहा त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. एवढे असून हिंदू संघाने त्याला कधी कर्णधार केले नाही. तो मान १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठलला मिळाला. अस्पृश्य समाजाला या भावांचा अभिमान होता. पण पुढे बाळू काँग्रेसबरोबर गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा समाजाने काय केले? बाबासाहेबांना निवडून दिले. मैदानावरच्या बाळूंना टाळ्या आणि मतपेटीत स्वतःची अक्कल. चाहता असा असतो. भक्त असता तर चेंडू बघून मत दिले असते.

आपल्या पोरांना हा फरक शिकवायचा असेल तर त्यांच्याबरोबर बसून मॅच बघावी लागेल. लांबून ओरडून तो शिकवता येणार नाही.

मग करायचे काय?

नुसते बोलून थांबायचे नसेल तर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

एक, भारताचा हॉकीचा मोठा सामना असेल तेव्हा विहारात एकत्र बघायचा. पुरुषांचाही, महिलांचाही. बायाबापड्यांना पुढे बसवायचे. सामना संपल्यावर अर्धा तास बोलायचे: आज कोण खेळले, कुठून आले, कॉमेंट्रीवाल्याने कुणाचे नाव घेतले आणि कुणाचे गाळले.

दोन, यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे थोडे कमी करून हॉकी स्टिका घ्यायच्या. टर्फ नसले तरी शाळेचे मैदान आहे, उन्हाळ्यात भाताची मोकळी खाचरे आहेत. गडहिंग्लजने फुटबॉल आपला केला, तो काही आभाळातून पडला नाही. कोल्हापुरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकी स्टेडियम आहे. आपल्या एका तरी पोरीने तिथे जाऊन खेळावे, एवढे ध्येय पहिल्या दोन वर्षांना पुरे.

तीन, जुन्या गायकांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायची. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून. हलगीवाल्या मातंग बांधवांचेही. त्यांची नावे कुणीच लिहिली नाहीत, ती आपण लिहू.

चार, तालुका क्रीडा संकुलासाठी चंदगडला किती निधी आला, कशावर खर्च झाला, हॉकीसाठी त्यात काय आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे. उत्तर येईल ते विहाराच्या फळ्यावर लावायचे. नाही आले तर अपील करायचे. मोर्चा काढणाऱ्या ज्येष्ठांची इथे गरज आहे, त्यांचा अनुभव आमच्याकडे नाही.

शिष्यवृत्तीचा लढा सोडून हे करा, असे आम्ही म्हणत नाही. तो लढा ज्या पोराने लढायचा, तो पोरगा संध्याकाळी घरी येऊन काय बघतो आणि काय गुणगुणतो, त्यावर तो उद्या उभा राहणार की नाही हे ठरते. मालिकेतल्या वाड्यात स्वतःला शोधत बसलेला पोरगा मोर्चाला येत नाही. वंदनाच्या घरासमोरचे फटाके ज्याला ऐकू आले, तो येतो.

वतनात चोवीस तास दुसऱ्याचे होते. त्यातले काही तास बाबासाहेबांनी आपल्याला परत मिळवून दिले. ते तास मालिकावाल्यांना, जाहिरातवाल्यांना आणि "जात आणू नका" म्हणणाऱ्यांना फुकट देऊन टाकायचे नाहीत.

जय भीम! जय शाहू!